दोन्ही तालुक्यांचं निरंक

श्रावण लागून चारच दिवस झाले होते. वारंगा फाट्यावरच्या घरात मी भाजी निवडत बसले होते आणि किसनमामांच्या सुनेचा फोन आला. रडत नव्हती ती. म्हणाली, "मॅडम, मामंजी गेले. सकाळी चहा मागितला, मी ठेवला, अन् कप घेऊन आले तं..." फोन ठेवून मी उरलेली भाजी निवडून संपवली. अशा वेळी माणूस काहीतरी खुळ्यासारखं करत बसतो.

मी तलाठी होते, मामा आमच्या सज्जाचे, म्हणजे माझ्याकडच्या गावांचे, कोतवाल. नोटिसा वाटायच्या, दवंडी द्यायची, साहेब आले की खुर्च्या पुसायच्या. महसूल खात्यात कोतवालाच्या खाली कुणी नसतं. पण शिवाराचा बांध न् बांध त्यांना ठाऊक. मी नवी होते तेव्हा नकाशा पसरून तासभर जमिनीचा एक गट शोधत होते, तर हे दारातून म्हणाले, मॅडम, तुमी ज्यावर उभ्या हायत तोच तो गट. असा राग आला होता मला! पण होता तोच.

नदीकाठी धनगरांची एक वाडी होती, पंधरा-सोळा घरांची. जागा अगदी खोलगट, ताटलीसारखी. निजामाच्या काळच्या नकाशात नदी म्हणजे दोन तालुक्यांची शीव आणि वाडी नदीच्या पलीकडे, म्हणजे दुसऱ्या तालुक्यात. पण कधीकाळी एका पुरात नदीनं पात्र बदललं. ती वाडीच्या पलीकडून वाहू लागली आणि वाडी आमच्या काठाला आली. मधे राहिलं जुनं पात्र, एरवी कोरडं. वरच्या धरणाचं पाणी सुटलं की आधी ते भरतं, मग वाडीला बाहेर पडायला वाटच उरत नाही. म्हणजे निघायचं तर ते भरायच्या आधीच निघायला हवं.

दरवर्षी पावसाळ्याआधी पुराचा धोका असलेल्या वस्त्यांची यादी तालुक्याला पाठवायची असते. त्या यादीतल्या वस्त्यांनाच पाण्याचा निरोप जातो. मी नकाशा बघितला, वाडी आपली नाही, आणि गावाच्या नावाखाली वाड्या-वस्त्यांच्या रकान्यात लिहिलं 'निरंक'. निरंक म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. पलीकडच्या तलाठ्यानं नदी बघितली, वाडी आपल्या काठाला नाही, आणि त्यानंही लिहिलं निरंक. दोघांचंही कागदोपत्री बरोबर! मामांनी माझ्या टेबलावरचा तो कागद पाहिला आणि हळूच विचारलं, "मंग त्या लेकराईला सांगायचं कोनी, मॅडम?" मी म्हटलं, त्यांच्या तालुक्यानं सांगायचं. मामा कोपऱ्यातली छत्री उचलून निघून गेले.

पुढं कळलं, ते स्वतःच जायचे. धरणाच्या पाण्याचा फोन ऑफिसात आला की गावात दवंडी देऊन हा माणूस तसाच चिखलातून जुन्या पात्राशी जायचा. नुसतं 'उठा, निघा' ओरडलं तर कुणी हलत नाही, ज्याला त्याला वाटतं शेजाऱ्याला सांगून राहिले. म्हणून मामा एकेका घराचं नाव घेऊन हाक मारायचे, आणि ते घर मेंढरं हाकत वर चढेपर्यंत पुढचं नाव घ्यायचे नाहीत. मामा हाजरी घेऊन राहिले, असं वाडीतल्या बाया हसायच्या. पण सगळे निघायचे. इतकी वर्षं तिथं साधं कोकरूही बुडालं नाही.

एका वर्षी मलाच लाज वाटली. यादीत वाडीचं नाव घातलं, सोबत अहवाल जोडला की वस्ती प्रत्यक्षात आमच्या काठाला आहे. साहेबांनी बोलावून घेतलं. हद्दीचं काम जिल्ह्याचं, ते होईपर्यंत नाव घातलंत तर उद्या काही झालं की जबाबदारी तुमची, असं समजावलं. माझी बदली अडकली होती, पोरीची दहावी होती... मी तो कागद परत घेतला आणि पुन्हा निरंक लिहिलं. कारणं शंभर सांगता येतील, पण मी घाबरले होते. मामांना हे कळलं होतं. एका शब्दानं कधी बोलले नाहीत, आणि त्याचाच मला आजही त्रास होतो.

आम्ही दोघं रिटायर झालो तरी मामा जातच राहिले. ऑफिसातलं पोरगं त्यांना फोन करायचं, हे निघायचे. या वैशाखात एसटीनं माझ्याकडे आले. दम लागत होता, पायावर सूज. चहा बशीत तसाच राहिला. म्हणाले, "मॅडम, आता पाय चालून न्हाई राहिले. माझ्यामागं कोन? तुमी तालुक्याला जाऊन तेवढं लिहून घ्या. तुमचं आयकतील." मी म्हटलं, बघते, लग्नसराई उरकू द्या. मी गेले नाही.

मामांच्या दहाव्याला अख्खी वाडी आली होती. त्यानंतर आठवड्यानं, दिवसाढवळ्या, धरणाचं पाणी सुटलं. गावात दवंडी झाली. खाली कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा जुन्या पात्रात मेंढरं फुगून पडली होती. माणसं वाडीतल्या शाळेच्या स्लॅबवर चढून वाचली, पण कोंडाबाईचा म्हातारा अंथरुणाला खिळलेला, त्याला उचलायला वेळच मिळाला नाही. नवा तलाठी पंचनाम्याला आला होता. मयताची जागा कुठल्या तालुक्यात धरायची म्हणून फोनवर फोन करत होता. त्याच्या फाइलीत यंदाची यादी होती, तिच्यातही निरंक. कशावरून केली विचारलं तर म्हणाला, मॅडम, तुमच्याच जुन्या यादीवरून.

कोंडाबाई ओल्या भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ जाऊन बसले. पाणी चढताना दिसलं असेल की, मग काहून थांबलात, असं विचारलं.

"दिसलं की. मामा गेले हे बी ठाऊक व्हतं, खांदा आमच्याच पोरानं देला. पन माय, कुनाचंच नाव पुकारलं न्हाई... पह्यलं नाव आलं की निघू, म्हनून बसून राहिलो."

मग मी तिला सांगितलं, की तुझ्या वाडीच्या जागी इतकी वर्षं मीच निरंक लिहीत होते.

"म्हंजे काय वो?" तिनं विचारलं.

म्हटलं, "म्हणजे इथं कुणी राहत नाही."