एकशे अठ्ठावीस बिटची वाट

मोठं ते चांगलं, यावर आमच्या दिंद्रुडच्या मामांइतका विश्वास साक्षात परमेश्वराचाही नसेल. त्यांच्या बैठकीतली सतरंजी खोलीत मावत नाही, म्हणून तिचे काठ भिंतीवर चढवलेले असतात. चप्पल ते पायापेक्षा दोन नंबर मोठी घेतात आणि वर सांगतात, "पैसे तेवढेच, चामडं जास्ती." एकदा माजलगावहून त्यांनी गूळ करायची भलीमोठी काहील आणली, ती आत येईना म्हणून फाटक पाडलं. घरापुरता रस तिच्यात ओतला तर तो तळाशी नुसता पसरला, ढीगभर चिपाडं जळाली आणि गुळाऐवजी कोळसा निघाला. मामा म्हणाले, "काहील बेस हाय. रस कमी पडला."

त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या मामेबहिणीला, पुण्याला कॉम्प्युटरच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आणि लॅपटॉप घ्यायची वेळ आली. दुकानदाराने कौतुकाने सांगितलं की, प्रोसेसर पूर्वी आठ बिटचे होते, मग सोळा, बत्तीस, आता चौसष्ट. झालं! मामा तिथेच अडले. "म्हंजी पुढं एकशे अठ्ठावीस येणार. मग आताच कावून घ्यायचं? थांबू की." कॉलेज तोंडावर आलं, पोरगी रडकुंडीला आली, तरी मामा ढिम्म. "कॉलेज कुठं पळून चाललंय? पुढच्या साली जा."

शेवटी तिने बापाला हाताला धरून परसात नेलं. काहिलीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. "आबा, बिट म्हंजी प्रोसेसर एका दमात केवढा आकडा उचलतो ते. बत्तीसला मेमरीतल्या घरांना नंबर पुरंनात, म्हणून चौसष्ट आलं. आता इतके नंबर हायत की तेवढी घरंच कुणाकडं न्हाईत. अजून रुंद केलं तर तारा वाढत्यात, वीज जास्ती, गरमी जास्ती, आन रस तेवढाच. कवा लई मोठा आकडा आलाच तर दोन खेपा करायच्या!"

दुसऱ्या दिवशी मामांनी लॅपटॉप आणला, चौसष्ट बिटचाच. पण दुकानातला सगळ्यात मोठा, तिच्या एकाही पिशवीत न बसणारा.

पोरगी एसटीत बसून गेली. स्टँडवर मी चिडवलं, "मामा, भागलं का चौसष्टवर?"

"मला का कळत न्हवतं बे? एकशे अठ्ठावीस येईस्तवर तरी पोरगी घरी ऱ्हायली असती."

आता दर रविवारी तिचा फोन आला की मामा आधी विचारतात, "आलं का गं एकशे अठ्ठावीस?" "न्हाई, आबा." "बरं. तू कवा येतीस?" फोन ठेवल्यावर ते त्या सतरंजीच्या मधोमध एकटेच बसून राहतात. परवा मला म्हणाले, "घर लई मोठं झालंय." मोठं हा शब्द त्यांच्या तोंडून तक्रारीच्या सुरात मी पहिल्यांदाच ऐकला.