डिले मॅटर करत नाही

“वायर कितीही लांब असू द्या, कितीही तापू द्या, आपली चिप चुकूच शकत नाही,” आमचे साहेब क्लायंटला सांगत होते. चिपचं डिझाइन माझं, म्हणून मी शेजारी बसले होते.

नागपुरात आमची छोटी चिप डिझाइन कंपनी आहे. क्लायंट होते वैद्य. पूर्वी सावनेरकडच्या कोळसा खाणीत नोकरी केलेले, आता खाणींसाठी गॅस अलार्म बनवणारे. त्यांना बॅटरी कमी खाणारी चिप हवी होती.

नेहमीच्या चिपमध्ये क्लॉक असतो. शाळेच्या घंटेवर तास बदलावेत, तसे त्याच्या ठोक्यावर चिपचे सगळे भाग पुढे सरकतात. आमच्या चिपमध्ये क्लॉकच नव्हता. काम झालं की प्रत्येक भाग पुढच्याला निरोप देणार आणि पोच येईपर्यंत थांबणार. म्हणजे डिले, उशीर, कितीही झाला तरी चालावं.

ऐकायला गोड आहे, पण अर्धंच खरं. उशिराबद्दल काहीच गृहीत धरायचं नाही म्हटलं, तर साध्या गेट्सपैकी, म्हणजे चिप ज्यांनी बनते त्या छोट्या सर्किट्सपैकी, हाती दोनच उरतात. एक सिग्नल उलटा करणारं. दुसरं सगळे निरोप आल्याशिवाय न हलणारं. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही, तसं. एवढ्यावर ‘गॅस वाढला तर वाज, नाहीतर गप्प राहा’ हेही ठरवता येत नाही. हे गणिताने सिद्ध झालंय, साहेबांच्या मर्जीचा प्रश्न नाही. म्हणून डिझायनर एक सवलत घेतात. वायरला फाटा फुटतो तिथे पोच एकाच बाजूची घेतात, दुसरीकडेही सिग्नल तेवढ्यात पोचला असं धरून चालतात. तेवढ्या जागी डिले मोजावाच लागतो.

मीटिंगनंतर मी हे साहेबांना सांगितलं.

“मॅडम, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? क्लायंटले थिअरी नाही, चिप पाहिजे.”

पुढे लेआउट, म्हणजे चिपवरच्या वायरींचा नकाशा, बघायला बसले, तर एका फाट्याची एक वायर चिपमधल्या मेमरीला पूर्ण वळसा घालून नेलेली, म्हणजे तिकडे सिग्नल उशिरा पोचणार. लेआउट आमच्याच टीममधल्या ढोबळेंचं होतं.

“डिले चेक नाही केला?”

“काहून करू जी? साहेबच म्हणे, यात डिले मॅटर नाही करत.”

मी तशीच केबिनमध्ये गेले. “साहेब, हे थांबवा. ही चिप खाणीत लागणार आहे.”

“आता लेआउट खोलायचं नाही. मी डेट देऊन बसलो.”

डिझाइन फॅक्टरीत गेलं, चिप बनून आली. वैद्यांच्या वर्कशॉपमध्ये टेस्ट होती. गार असताना अलार्म बरोबर वाजला. तापलं की वायरमधला उशीर वाढतो; मग अलार्मची पेटी तापवून आत गॅस सोडला. अलार्म वाजलाच नाही. आम्ही सगळे त्या मुक्या भोंग्याकडे बघत उभे राहिलो.

“मॅडम,” वैद्य म्हणाले, “खाली मानसं असतात जी.”

मी तोंड उघडायच्या आत साहेब बोलले, “आमच्या मॅडमच्या डिझाइनमध्येच प्रॉब्लेम निघाला.”

ढोबळे पेटीच्या वायरी काढायला लागले.

प्रोजेक्ट गेला. साहेबांचं काही गेलं नाही. मी मात्र एक धडा घेतला: चिप कशी चालेल ते नंतर, कधी चुकेल ते क्लायंटला आधी सांगायचं. हल्ली मला मीटिंगला बोलावत नाहीत.