जाळ्यामागची अँटेना

एसटी सुटायला तासभर होता आणि मी ओटीच्या वाशाला टीव्हीची अँटेना बांधत होतो. २००१ सालचा एप्रिल. छपरावरच्या दोन अँटेना खाऱ्या वाऱ्याने खाल्ल्या, म्हणून ही घरात घेतली. चित्र स्वच्छ आल्यावर आईला बजावलं, हिला हात लावू नको, आणि पुण्याला निघालो. वडिलांनी होडीवर राबून मला बी.एस्सी. केलं होतं. घरातला पहिला पदवीधर म्हणून एवढं तरी नीट करून जावं, असं वाटलं.

टीव्हीची हौस कुणालाच नव्हती. एका वर्षी अचानक उठलेल्या वाऱ्यात मामा समुद्रावरून परतला नाही. तेव्हापासून सातच्या बातम्यांतलं हवामान पाहिल्याशिवाय आई वडिलांना होडीत बसू देत नसे.

श्रावणात शेजारच्या दुकानातून तिचा फोन आला. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि वडील तर नारळी पौर्णिमा झाली की होडी काढणारच म्हणतात. मी खोलीवर बसून कागदावर ओटीचा नकाशा काढला. वायर बघ, दांडे फिरव, असं सांगत राहिलो. ती चिखल तुडवत घरी जाई, करून बघे, परत फोनवर येई. ऑफिसात माझं लक्ष लागेना. सात वाजले की खोलीत येरझाऱ्या. तिसऱ्या दिवशी मी चिडलो.

"आये, सांगलंय तसा कर. तुका कळना नाय."

तिने फोन ठेवला. रजा टाकून मी गाडी पकडली.

ओटीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबलो. वाशांवरून जाळं लोंबत होतं, काठाला शिशाच्या गोळ्यांची रांग, आणि त्यामागे सिग्नल अडलेली माझी अँटेना. पावसाळ्यात जाळी दुरुस्तीला ओटीवर येतात. त्याच जाळ्याचं टोक धरून मी लहानाचा मोठा झालो. पण माझ्या नकाशात जाळं नव्हतंच. तिथे एप्रिलच होता.

वडील भोक सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "इलंस? आता जाळा खंय टांगूचा, ता पण फोनार सांग, साहेबा."

अँटेना मी स्वयंपाकघराच्या चौकटीवर नेली. सातला चित्र आलं. वारा जोराचा, होड्या नेऊ नयेत. वडील पुटपुटले, पण पौर्णिमेनंतरचे दोन दिवस जाळंच सांधत बसले.

निघताना आईला म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "तुजा खंय चुकला, झिला. तू हंय नाय, तुका जाळा दिसणा नाय, ह्या मीच इसारलंय."

आता पुण्याच्या घरात केबल आहे. चित्र हलत नाही, मीच स्वस्थ बसत नाही. घर मला पाठ आहे, हा माझा समज गेला. ते दर वेळी विचारून घ्यावं लागतं. फोन लावला की आधी म्हणतो, आये, ओटीवर आज काय काय आसा? ती सांगत जाते. वल्ही, सोललेले नारळ, वडिलांची खाट. मी एकेक वस्तू मनात जागेवर ठेवतो. ती थांबली की विचारतो, "आणि?"