व्याह्यांचे बेडूक आणि माझं टाकं

बेडकाच्या तोंडाकडे बघून त्याला भूक आहे की नाही हे सांगणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच, आणि तो माझा व्याही आहे! पटत नसेल त्यानं द्वारका चौकाजवळ त्यांच्या घरी जाऊन बघावं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद झालं, पण डोळ्यावरचं भिंग उतरलं नाही. आधी त्यातून घड्याळांची पोटं बघायचे, आता बेडकांची बघतात. माशांच्या दुकानातून आणलेले तीन परदेशी बेडूक, अंगठ्यापेक्षा थोडे मोठे, पाठ हिरवी, पोट शेंदरासारखं. नावं काय, तर काटा, लंबक आणि गजर! ज्या चिमट्यानं घड्याळाचे स्क्रू उचलले, त्याच चिमट्यानं एकेकाला रातकिडा भरवणार. नळाचं पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवून, त्यातल्या औषधाचा वास उडाला की मगच टाकीत ओतणार. टाकी अर्धी पाण्याची, अर्धी दगड-शेवाळाची. "यांना पोहायलाही लागतं, आणि दमल्यावर बसायलाही," म्हणतात. एकदा माझ्या सुनेनं, म्हणजे त्यांच्याच लेकीनं, फोनवर विचारलं, "बाबा, जेवण झालं का?" तर हे सांगतात, "काट्यानं दोन खाल्ले, गजरनं तीन!"

यंदा एप्रिलमध्ये नाशिक असं तापलं की पत्र्याखालच्या त्यांच्या खोलीत काचेच्या टाकीचं पाणी कोमट व्हायला लागलं. लंबकानं खाणं सोडलं. पाय पसरून नुसता तरंगायचा. व्याही त्याच्यासमोर बसलेले, दवाखान्याबाहेर माणसं बसतात ना, तसे. मी म्हटलं, "काचेचं काय घेऊन बसलात? मागच्या अंगणात सावलीला सिमेंटचं टाकं बांधून देतो. थंडगार राहील." मी गवंडी माणूस, दुसरीतून शाळा सोडली, पण थापी हातात घेतली की भल्याभल्यांनी बाजूला व्हावं. ओझरहून रोज बसनं येऊन चार दिवसांत टाकं उभं केलं. एका बाजूला खोल पाणी, मग उतार, मग कोरडी जागा, वर जाळीचं झाकण. आठवडाभर पाणी मारलं. शेवटी हात झटकून म्हटलं, "तयार! उद्या सोडा तिघांना."

"बरं बरं," व्याही म्हणाले.

मग मी रोज फोन करायचो. "कसे आहेत?" "मजेत!" "टाकं आवडलं का?" "विचारू नका!" मी गावभर सांगितलं, माझ्या टाक्यात परदेशी बेडूक राहतात म्हणून.

पंधरा दिवसांनी न कळवता गेलो. हातपाय धुवायला न्हाणीघराकडे वळलो तर विहीणबाई दार अडवूनच उभ्या. "तिकडं नको, दादा."

"का हो?"

"आत बेडूक आहेत."

आत बघतो तर काय! मोठ्या टपात तिघं, टपावर ओलं गोणपाट, समोर स्टुलावर पंखा. आणि दोघं नवराबायको पंधरा दिवस टॉवेल खांद्यावर टाकून शेजारच्यांकडे आंघोळीला! माझं डोकं भडकलं. "व्याही, माझ्या कामात काय खोट काढली तुम्ही? थेंबभर गळत नाय ते टाकं!"

व्याही खाली बघून भिंग पुसायला लागले. बोलल्या त्या विहीणबाईच. "गळत नाही हो. पण नव्या सिमेंटचं पाणी झोंबतं. बेडूक कातडीनं पाणी पितो म्हणे, मरेल तो. हे रोज टाकं भरतात, उपसतात, चुना दाखवणारा कागद बुडवून बघतात. अजून पाण्यात चुना उतरतोय. पण तुम्ही पडलात मुलीचे सासरे. तुम्हाला नाही कोण म्हणणार?"

मी माझ्या हातांकडे बघितलं. सिमेंटनं बोटांना पडलेल्या भेगा जन्मभर मीच तर तेल लावून बुजवल्या. आणि एवढं मला कळू नये!

"लंबक खातो का?" मी विचारलं.

"नाही," व्याही म्हणाले. "टपातलंही पाणी तापतंय."

मी घरी गेलोच नाही. मुक्काम ठोकला. तारेच्या ब्रशानं टाकं घासायचं, भरायचं, उपसायचं, पुन्हा भरायचं. आठ दिवस. कागदाचा रंग रोज फिका. नवव्या दिवशी व्याह्यांनी भिंगातून कागद बघितला आणि ओरडले, "चुना संपला!" साठवलेलं पाणी भरलं, तिघांना सोडलं. काटा सरळ तळाला! गजर दगडावर! लंबक उतारावर नुसता बसून. आम्ही तिघं म्हातारे टाक्यावर वाकून उभे. व्याह्यांनी चिमट्यात रातकिडा धरला. एक क्षण, दोन... आणि गट्ट! विहीणबाईंनी टाळ्या पिटल्या. मला तर राहवेना, एक दगड जरा सरकवावा म्हणून हात पुढे केला.

"नाही!" व्याही कडाडले. "तंबाखूचा हात पाण्यात घालायचा नाही! आधी धुऊन या. आणि साबण नको!"

विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. मी नळाखाली हात धरले. चांगले दोनदा चोळून धुतले.

सोयरीक होऊन बारा वर्षं झाली. इतकी वर्षं हा माणूस माझ्यापुढे "बरं बरं" करत बसला, आणि मला वाटायचं हाच मान. आता दर रविवारी जातो. दगड कुठं ठेवायचा यावरून आमची जोरात जुंपते, तिघं बेडूक पाण्यातून डोळे वर काढून बघत असतात. वयं बघता भांडायला वेळ थोडाच उरलाय. म्हणून मी सकाळची पहिली बस धरतो.