बिजागरीपाशी गार वारा

रविवारी जेवणं आटोपल्यावर शाल्मली पेंढरकर दिवाणावर कलंडते. झोप पुरती लागत नाही; शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू येतेय आणि डोळे मात्र जड झालेत. अंतराळात माणसं नेणाऱ्या यानाच्या दरवाजाला उद्या तिला मंजुरी द्यायची आहे. चाचण्या सगळ्या पार पडल्यात.

स्वयंपाकघरात कोणीतरी चहा ढवळतंय. ती उठून जाते. खानोलकर सर. तिला हाताला धरून काम शिकवलेले, गेल्या वर्षी वारलेले.

"दरवाजा उत्तम झालाय," सर म्हणतात. "उद्या सही करून टाक."

शाल्मलीच्या मनात पाल चुकचुकते. या माणसानं हयातीत कशालाच उत्तम म्हटलं नाही. त्यांची बिनमाणसांची यानं चंद्राशी पोचली, तरी "बघू" एवढंच म्हणायचे.

"तुम्ही कधी पाहिलात, सर?"

"आता पाहू की."

ते फ्रिज उघडतात. आत यानाची कुपी आहे, आसनं, पट्टे, खिडकीपलीकडे काळोख. दोघं आत बसतात. सर दार ओढून घेतात.

"माझ्या यानांनी कधी तक्रार केली?"

"त्यांत श्वास घेणारं कोणी नव्हतं, सर."

ते हसतात. सर हसले की डोळे मिटायचे. हे डोळे उघडेच आहेत.

ती दाराच्या कडेच्या रबरी पट्टीवरून बोट फिरवत नेते. खाली, बिजागरीपाशी, बोटाला बारीक गार वारा लागतो. सर चटकन तिचं मनगट धरतात.

"तिथं काही नाही."

"मग हात का धरलात?"

"सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत."

"कोण आहात तुम्ही?"

सर जवळ सरकतात आणि हुबेहूब तिच्याच आवाजात म्हणतात, "दमलीयस गं. कर सही."

तिला जाग येते. खिडकीतून ऊन अंगावर आलंय, पाठ घामानं भिजलीय. पण उजव्या हाताचं एक बोट बर्फासारखं गार आहे. बाकीची चारही गरम.

डाव्या हातानं ती चाचण्या घेणाऱ्या मुकादमला फोन लावते.

"मुकादम, दरवाजाची चाचणी पुन्हा घ्यायची. बिजागरीकडची बाजू. खूप थंड करून. गारठ्यात तिथलं रबर आकसतं का बघा."

"मॅडम, ती बाजू पास झालीये."

"माहितीये. तरी घ्या."

पलीकडे मुकादम सुस्कारा सोडतो, पण हो म्हणतो. शाल्मली ते बोट काखेत दाबून बसते. बराच वेळ झाला तरी त्यात ऊब येत नाही.