मानसीची दीर्घिका आणि माझे सांडगे

फ्रिजवर कोणी मुद्दाम वस्तू ठेवत नाही, तरी तिथे ढीग होतोच. आमच्या घरी किस्से तसेच साठलेत. हे खगोलशास्त्राच्या संस्थेत इंजिनिअर, त्यामुळे रविवारी आमच्याकडे जेवायला तिथलीच माणसं!

नागपूरची मानसी तिथे पीएचडी करते. एकदा तिने लॅपटॉपवर तिची दीर्घिका दाखवली. म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच, पण फार लांबची. मला काळ्या स्क्रीनवर नुसता एक ठिपका दिसला. मी पदराने पुसायला गेले.

"काकू, हळू! माझी चार वर्षं आहेत ती."

*

तिचे गाइड भट सर धारवाडचे, मराठी छान बोलतात. पहिल्यांदा आले तेव्हा बेंगळुरूतल्या आमच्या बनशंकरीत, जिथे वस्तीच्या भागांना 'स्टेज' म्हणतात, तासभर फिरत राहिले. शेवटी मी रिक्षावाल्या अण्णांना फोनवर मोडक्या कन्नडमध्ये पत्ता सांगितला. इतकी लांबची दीर्घिका सापडते आणि आमचं घर सापडत नाही, म्हणून ह्यांनी चिडवलं.

सर घाम पुसत म्हणाले, "आकाशात फर्स्ट स्टेजनंतर एकदम थर्ड स्टेज येत नाही हो!"

*

मिक्सर घ्यायला जाताना मी राहुकाळ बघत होते. सरांनी विचारलं, "वहिनी, राहूला तुमच्या मिक्सरशी काय घेणं?"

सगळे हसले, मीही हसले. मिक्सर मात्र राहुकाळ टळल्यावरच आणला.

*

त्यांची दुर्बीण लडाखमध्ये आहे, इथे बसून चालवतात. मानसीला वर्षातून मोजक्याच रात्री मिळतात. दोन वर्षं नेमके तेव्हाच तिकडे ढग आले. यंदाची संधी शेवटची, नाहीतर थीसिस अर्धाच राहणार. त्याआधीच्या रविवारी आमच्या गॅलरीतून बेंगळुरूचं आभाळ बघून ती पानातला भात नुसता चिवडत राहिली. दुर्बीण तिकडे आहे, हे तिला ह्यांनी समजावलं. तिला ते माहीत होतंच.

मी सांडगे वाळत घातले की आभाळ येतं, हा आमच्याकडचा जुना विनोद. ती हळूच म्हणाली, "काकू, दोन्ही वर्षी तुमचे सांडगे गच्चीवर होते."

दुसऱ्या दिवशी भट सरांचा फोन. "वहिनी, या आठवड्यात सांडगे नकोत."

"सर, दुर्बीण लडाखमध्ये आहे ना?"

"आहे. पण स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या."

मी पीठ भिजवलंच नाही. आठवडाभर इथे पाऊस पडला, तिकडे आभाळ स्वच्छ! मानसीला हवं ते सगळं मिळालं. पुढच्या रविवारी ती दोनदा भात मागून जेवली. दहीभात कालवताना सरांनी विचारलं, "वहिनी, तळलेले सांडगे नाहीत?"

"तुम्हीच नको म्हणालात. उद्या घालू का?"

सरांनी मानसीकडे पाहिलं. मानसीने खिडकीबाहेर पाहिलं.

"वहिनी," सर हळूच म्हणाले, "थीसिस सबमिट होऊ दे."