माझ्या महिन्यातली कबड्डी

आमच्या घरात वडिलांची वाटणी महिन्यानं झालेली आहे. एक महिना खाली धाकट्याकडं, एक महिना वर माझ्याकडं. आई गेली, पाचोडची शेती बटईनं कसायला दिली आणि अण्णा पडेगावला आमच्याकडं आले, तेव्हा आम्ही दोघा भावांनी बसून ही पाळी ठरवली. ठरवताना दोघंही फार शहाण्यासारखं वागलो. पण वडील म्हणजे काही विहिरीचं पाणी नव्हे, की पाळी आली, पाटाचं दारं मोडलं आणि सगळं पाणी आपल्या वावरात आलं.

मूळ दुखणं धाकट्याच्या टीव्हीचं. गेल्या दिवाळीत त्यानं दाराएवढा टीव्ही आणून भिंतीवर टांगला. तेव्हापासून माझ्या महिन्यातही अण्णा आठ वाजता जेवण उरकून चपला घालायचे. "जरा खाली जाऊन येतो," म्हणायचे आणि झोपायलाच वर यायचे. म्हणजे वाढायचं आम्ही आणि म्हाताऱ्यानं हसायचं खाली. आडपडदा कशाला ठेवू, माझ्या पोटात दुखायचं. बायको म्हणाली, आपणही घेऊ की टीव्ही. पण मग धाकट्यानं घेतला म्हणून थोरल्यानंही घेतला, असं झालं असतं. जळणाऱ्या माणसालासुद्धा अब्रू असते.

मुलगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर इथंच राहिला होता, टेबलावर, वर ओढणी पांघरून. त्यावर टीव्ही लागतो, हे तिनंच फोनवर सांगितलं. "बाबा, खाली चक्रासारखं चिन्ह दिसतंय का? त्याच्यावर दाबा आणि सगळ्यात मोठा आकडा निवडा." मी दाबलं. आधी चित्र सारवल्यासारखं दिसलं, मग एकदम चष्मा पुसल्यागत स्वच्छ झालं. खेळाडूच्या गुडघ्यावरच्या पट्टीचे धागे दिसत होते. धाकट्याचा पडदा मोठा, पण चॅनल साधे. त्याच्याकडं माणसांना नाकडोळे असतात एवढंच कळायचं. मी हातातला चहा विसरून तसाच उभा राहिलो. नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशीही इतका आनंद झाला नव्हता.

नेमके तेव्हाच कबड्डीचे सामने सुरू झाले, आणि महिना माझा होता. अण्णा जवानीत पाचोडकडून हुतूतू खेळायचे. डावा गुडघा त्यातच गेलेला. मी त्यांना मुलीच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं. कॉम्प्युटरपुढं खुर्ची एकच, म्हणून मी मागं पलंगाच्या कडेवर टेकलो.

"माती कुठंय?" अण्णांनी विचारलं.

"आता गादीवर खेळतात, अण्णा."

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लई साफ दिसतंय. घाम बी दिसाय लागला."

हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या भावजयीला दोनदा ऐकवलं.

एकच खोट होती. इंटरनेटवरून येणारं चित्र अर्धा मिनिट उशिरा यायचं. अर्धा मिनिट म्हणजे कबड्डीतली एक अख्खी चढाई. आमचा गडी मध्यरेषा ओलांडायच्या आत तिकडं त्याचा निकाल लागलेला असायचा. आपल्या संघाला गुण मिळाला की खाली भाऊ, भावजय आणि त्यांची दोन पोरं असा कल्ला करायची की तो खिडकीतून सरळ वर यायचा. गुण गेला की सगळं चिडीचूप. माझा संताप व्हायचा. चित्र माझं चांगलं, वडील माझ्या घरात, आणि आनंद मात्र त्यांना ताजा, आम्हाला उष्टा. समाधान एवढंच, की अण्णांना ते ऐकू जात नव्हतं. त्यांना जेवायला उठवायचं तर तीन हाका माराव्या लागतात. बायको म्हणते, अण्णांना सोयीचं ऐकू येतं. मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अण्णा अंदाज सांगायला लागले. गडी चढाईला निघाला की म्हणायचे, "धरतेत बघ ह्याला." आणि धरायचे. "हा सुटतो." आणि सुटायचा. एकही अंदाज चुकायचा नाही. मी हैराण झालो. म्हटलं, जुना खेळाडू आहे, पायाच्या ठेवणीवरून ओळखत असेल. असलं बारीक दिसायला चित्रच चांगलं लागतं. धाकट्याच्या त्या सारवलेल्या पडद्यावर काय कप्पाळ दिसणार.

न राहवून मी खाली जाऊन हे सांगितलं. धाकटा हसायलाच लागला. "अण्णांचा अंदाज? भाऊ, मागच्या खेपेला सामने माझ्या महिन्यात होते, तवा त्यांचा एक बी बरोबर आला नाय. पोरं मुद्दाम त्यांच्या उलटं सांगायची आन् जिंकायची."

जळतोय, म्हटलं मनात. जळू दे. जिना चढताना मी चक्क गुणगुणत होतो.

त्या संध्याकाळी पलंगावरून मी पडद्याऐवजी अण्णांकडंच बघत बसलो. खाली कल्ला झाला. अण्णांची मान किंचित हलली. मग आमचा गडी निघाला आणि अण्णा म्हणाले, "हा सुटतो." पुढच्या वेळी खाली चिडीचूप. "धरतेत बघ." खुर्ची पडद्यासमोर नव्हतीच, ती तिरकी होती. रोज सकाळी मी ती सरळ करायचो आणि रोज ती खिडकीकडं वळलेली असायची, हे मला तेव्हा आठवलं.

माझा मत्सर मला पूर्ण ओळखीचा आहे, पण त्या दिवशी तो वेगळाच चावला. माणूस खाली जाऊन बसला तर निदान भांडता येतं. हा माझ्या खुर्चीत, माझ्या चित्रासमोर बसून कान खाली लावून बसला होता.

मी उठून खिडकी लावली.

अण्णांचे पुढचे तिन्ही अंदाज चुकले. मग ते बोलायचेच थांबले. थोड्या वेळानं म्हणाले, "खिडकी कामून लावली?"

"डास येतेत."

"डास कुठंयत."

पडद्यावर कुणाचा तरी घाम अगदी स्वच्छ दिसत होता. शेवटी मीच विचारलं, "अण्णा, खाली जायचं का?"

"नाय," ते म्हणाले. "तुझा महिना हाय."

आधी बिनदिक्कत खाली जाणारे अण्णा आता दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवायचा नाही म्हणावं, तसं म्हणाले. आठवड्यापूर्वी हेच ऐकलं असतं तर भावजयीला गच्चीवर चार वेळा सांगितलं असतं. मी खिडकी उघडली आणि त्यांच्या चपला पुढं ठेवल्या.

"चला, मी बी येतो."

खाली सगळे सतरंजीवर बसले होते. धाकटा काही न विचारता सरकला. अण्णा मधोमध बसले, एका पोरीनं लगेच त्यांच्या मांडीवर पाय टाकले. गडी निघाला. "धरतेत बघ," अण्णा ठणकावून म्हणाले. तो खुशाल तीन गडी मारून परत आला. सगळे हसले, सगळ्यात जास्त अण्णा. वर माझ्याकडं त्यांचा प्रत्येक अंदाज बरोबर आला होता, आणि ते एकदाही हसले नव्हते.

इतक्यात वरून कल्लोळ ऐकू आला. तीच चढाई, तेच तीन गडी, माझ्या रिकाम्या खोलीत.

"भाऊ, वरचा चालूच राहिला वाटतं," धाकटा म्हणाला.

मी वर गेलो आणि कॉम्प्युटर बंद केला. खुर्चीची पाठ पडद्याकडं होती. खालून पुन्हा हसण्याचा आवाज आला, म्हणजे अण्णांचा अंदाज पुन्हा चुकला होता. मी खिडकीशी जरा वेळ उभा राहून ऐकत होतो. मग खाली जायला निघालो, आणि जिना उतरतानाही माझ्या पोटात दुखतच होतं.